रताळे : एकादशीपुरते की त्याहून जास्त? दारव्ह्याच्या काळ्या मातीतून समजून घ्या

महाशिवरात्र किंवा आषाढी एकादशी जवळ आली की बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात आणि भाव चढतो. उपवास सुटला की दोन दिवसांत त्याच ढिगाकडे कोणी बघत नाही. वर्षातल्या मोजक्या तारखांवर इतके अवलंबून असलेले दुसरे पीक महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. रताळ्याला जमीन हलकी चालते, खर्च बेताचा लागतो, वेल जनावरांना चारा म्हणून उपयोगी पडतो आणि कंद पोटभर खाता येतो. तरीही ते 'उपवासाचा पदार्थ' या एकाच खणात अडकले आहे.

यवतमाळ जिल्ह्यातला दारव्हा तालुका हे पीक समजून घ्यायला चांगले उदाहरण आहे. हा भाग कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला जाणारी 'शकुंतला' ही छोटी रेल्वे इंग्रजी काळात इथला कापूस बाहेर नेण्यासाठीच टाकली गेली. अशा काळ्या मातीच्या, पावसावर अवलंबून असलेल्या मुलखात रताळे घ्यायचे तर काय जमते आणि काय फसते, हे या लेखात पाहू. त्याचबरोबर नावाचा इतिहास, पोषणमूल्ये, स्वयंपाक आणि सोशल मीडियावर फिरणारे दावेही तपासू.

थोडक्यात महत्त्वाचे

• रताळे हे मूळ आहे, बटाटा हे खोड. दोघांचे कुळ वेगळे.
• मूळ ठिकाण अमेरिका खंड. भारतात ते पोर्तुगीजांच्या काळात आले.
• पीक साधारण साडेतीन ते चार महिन्यांचे; थंडीत जास्त दिवस लागतात.
• भारी काळ्या जमिनीत कंद वेडेवाकडे होतात आणि भेगांतून भुंगा शिरतो.
• पांढऱ्या गराच्या रताळ्यात 'अ' जीवनसत्त्व जवळजवळ नसते. केशरी गराच्या रताळ्यात भरपूर असते.
• रताळी फ्रीजमध्ये ठेवू नयेत.
• सडलेली, बुरशी आलेली रताळी जनावरांनाही घालू नयेत.

रताळे म्हणजे नेमके काय?

रताळ्याचे शास्त्रीय नाव आयपोमिया बटाटास. कुंपणावर निळी-जांभळी फुले येणारी गारवेल आणि विदर्भात नाल्याकाठी माजलेले बेशरम ही रताळ्याची भाऊबंद. रताळ्याच्या वेलाला फूल आलेच तर ते तशाच कर्ण्याच्या आकाराचे असते.

बटाटा जमिनीखाली वाढत असला तरी तो खोडाचा फुगलेला भाग आहे. त्याचे कुळ वांगी, टोमॅटो, मिरचीचे. रताळे म्हणजे अन्न साठवून फुगलेले मूळ. म्हणूनच बटाट्याचे डोळे कापून लावतात, तर रताळ्याची लावण वेलाच्या तुकड्यांनी होते.

या कुळाचा भारताशी एक जुना धागा आहे. मेघालयात सापडलेल्या पानांच्या जीवाश्मांवरून याच गटातली वनस्पती साडेपाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथे होती, असे संशोधकांनी २०१८ मध्ये मांडले. आपण खातो ते रताळे मात्र अमेरिकेतच तयार झाले.

कापूसपट्ट्यातल्या वाचकाला रस वाटेल अशी आणखी एक गोष्ट आहे. मातीतल्या ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूचे काही जनुक लागवडीखालच्या रताळ्यात कायमचे बसलेले आहेत, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले. बीटी कापसात प्रयोगशाळेत जनुक घालण्यासाठी जो मार्ग वापरतात, तसाच प्रकार रताळ्यात निसर्गानेच हजारो वर्षांपूर्वी करून ठेवला आहे.

नावांची अदलाबदल

'रताळे' हा शब्द संस्कृत 'रक्तालु' म्हणजे लाल कंद यावरून आला. जुन्या काळी हे नाव इथल्या लालसर-जांभळ्या कंदांना होते. गुजरातीत आजही 'रताळू' म्हणजे उंधियूत पडणारा जांभळा कंद, ज्याला मराठीत कोनफळ म्हणतात. रताळ्याला तिकडे 'शक्करिया' म्हणतात आणि हिंदीत 'शकरकंद'. मराठीत मात्र जुन्या कंदाचे नाव नव्या पाहुण्याला मिळाले. त्यामुळे गुजराती पाककृती बघून 'रताळू' आणायला गेलेल्या माणसाची बाजारात फसगत होते.

'बटाटा' या शब्दाची गंमत याहून मोठी. कॅरिबियन बेटांवरच्या लोकांच्या भाषेत 'बटाटा' म्हणजे रताळे. स्पॅनिश-पोर्तुगीज दर्यावर्द्यांनी तो शब्द उचलला, पुढे तो बटाट्यालाही लावला गेला आणि पोर्तुगीजांकडून मराठीत आला. म्हणजे मराठी माणूस ज्याला बटाटा म्हणतो, ते मुळात रताळ्याचे नाव आहे.

परदेशी कंद उपवासाला कसा चालतो?

कोलंबसाच्या सफरींनंतर रताळे युरोपात पोहोचले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारतात. त्याआधी कित्येक शतके ते प्रशांत महासागरातल्या बेटांवरही गेले होते. पेरूकडच्या क्वेचुआ भाषेतल्या 'कुमार' या शब्दाशी मिळतेजुळते 'कुमारा' हे नाव न्यूझीलंडच्या माओरी लोकांत आजही आहे.

उपवासाला धान्य वर्ज्य आणि कंदमुळे, फळे, दूध चालते, ही इथली जुनी समजूत. नवे आलेले रताळे कंदमुळाच्या खणात सहज बसले. उपवासाच्या ताटातले ते एकटेच परदेशी नाही. बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, ज्यापासून साबुदाणा होतो तो कसावा कंद आणि राजगिऱ्याच्या लागवडीखालच्या जाती, सगळ्यांचे मूळ अमेरिकेत आहे. भगर मात्र आपल्याकडची.

उपवासाने रताळ्याला मानाचे स्थान दिले, पण रोजच्या जेवणातून बाजूलाही ठेवले. बटाटा उपवासालाही चालतो आणि वडापावातही, म्हणून त्याला बारमाही गिऱ्हाईक आहे. रताळ्याचे तसे झाले नाही.

कुठे पिकते?

जगात दरवर्षी सुमारे ९ कोटी टन रताळी पिकतात आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या चीनचा असतो. भारताचे उत्पादन ११ ते १२ लाख टनांच्या घरात आहे. ओडिशा सर्वांत पुढे असून उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालही मोठी राज्ये आहेत. मराठी मुलखात सोलापूर जिल्ह्यातला करमाळा आणि सीमेवरचा बेळगाव-खानापूर-चंदगड हा पट्टा रताळ्यासाठी ओळखला जातो. महाशिवरात्र आणि आषाढीला पुण्याच्या मार्केट यार्डात याच भागांतून आवक होते. विदर्भात हे पीक लहान तुकड्यांवर घेतले जाते.

दारव्ह्याची जमीन : इथेच खरी परीक्षा

रताळ्याला भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी, हलकी ते मध्यम जमीन मानवते. यवतमाळ जिल्ह्यात जमीन एकसारखी नाही. सखल भागात खोल, भारी काळी माती. टेकड्यांच्या उतारावर आणि माळावर उथळ, मुरमाड बरड जमीन. कापसाला भारी जमीन हवी म्हणून शेतकरी तिला जपतो आणि बरड तुकडा दुय्यम मानतो. रताळ्याच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे.

भारी काळ्या मातीत दोन अडचणी येतात. पहिली, पावसाळ्यात माती चिकट होऊन पाणी धरते. मुळांना हवा मिळत नाही, कंद लांबट, वाकडेतिकडे होतात आणि सडतात. दुसरी, उघडीप पडली की हीच माती तडकते आणि त्या भेगा कीड थेट कंदापर्यंत पोहोचवतात. त्यामुळे भारी वावर कापूस-तुरीला ठेवून, निचऱ्याच्या मध्यम किंवा हलक्या जमिनीचा, विहिरीजवळचा तुकडा रताळ्याला देणे शहाणपणाचे. भारी जमीनच असेल तर उंच वरंबे, भरपूर शेणखत आणि पाणी काढून देणारे चर यांना पर्याय नाही.

लागवड ते काढणी

१. बेणे. दोन-तीन महिन्यांच्या निरोगी वेलाच्या शेंड्याकडचे २० ते ३० सेंटीमीटरचे, ३-४ डोळ्यांचे तुकडे घेतात. रताळ्याचे बेणे पोत्यात भरून ठेवता येत नाही. वेल जिवंतच ठेवावा लागतो. एप्रिल-मेच्या कडक उन्हात, विहिरी तळाला गेलेल्या असताना, एखादा वाफा पाणी देऊन जगवणे ही इथली मोठी अडचण. ज्याच्याकडे उन्हाळ्यात हिरवा वेल, त्याची खरिपाची लावण वेळेवर होते.

२. लावण. ६० सेंटीमीटरवर सरी-वरंबे काढून वरंब्यावर २० ते ३० सेंटीमीटर अंतराने तुकडे लावतात. दोन डोळे मातीत आणि शेंडा बाहेर. ३० सेंटीमीटर अंतर धरल्यास एकरी सुमारे २२ हजार तुकडे लागतात, म्हणजे १० गुंठ्यांना साडेपाच हजारांच्या आसपास.

३. खत. शेणखत चांगले कुजलेले हवे. नत्र जास्त झाले तर वेल माजतो आणि खाली कंद धरत नाही. 'वेल तर छातीभर, पण रताळी बोटाएवढी' या तक्रारीमागे अनेकदा युरियाच असतो. कंद भरण्यासाठी पालाश महत्त्वाचे. प्रमाण मातीपरीक्षणानुसार ठरवावे.

४. निंदण आणि माती लावणे. पहिले दीड महिने तण काढावे लागते; पुढे वेल जमीन झाकून टाकतो आणि तणाला दाबतो. साधारण एका महिन्याने वरंब्याला माती लावतात. पावसाळ्यात वेलाच्या पेरांना जागोजागी मुळ्या फुटतात आणि तिथे बारीक, न भरणारे कंद धरू लागतात. म्हणून वेल अधूनमधून उचलून वरंब्यावर टाकतात.

५. काढणी. पाने पिवळसर होऊ लागली की एक रताळे कापून बघतात. कापलेला भाग तसाच पांढरट राहून सुकला तर कंद तयार. हिरवट-काळा पडला तर अजून थांबावे. आधी वेल कापून चाऱ्याला काढतात, मग कंद खणतात. जखम झालेले कंद वेगळे काढून आधी विकावेत, कारण सड तिथूनच सुरू होते.

देशात सरासरी उत्पादन हेक्टरी १० टनांच्या आसपास आहे. सुधारित जाती आणि पाण्याची सोय असेल तर ते २० टनांपर्यंत किंवा त्याच्याही पुढे जाते.

तारखेचे गणित

रताळ्याचा भाव पंचांग ठरवते, म्हणून लावणही पंचांग बघून करावी लागते.

• खरीप : जूनअखेर ते जुलैत लावण, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणी. गिऱ्हाईक नवरात्र ते कार्तिकी एकादशी. पावसाच्या पाण्यावर येते, पण निचरा महत्त्वाचा.

• रब्बी : सोयाबीन निघाल्यावर ऑक्टोबरमध्ये लावण, महाशिवरात्रीसाठी काढणी. दारव्ह्याच्या पीकपद्धतीत ही वेळ सर्वांत चांगली बसते, कारण रान तेव्हा मोकळे होते आणि विहिरींना पाणी असते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ मंदावते, म्हणून चार महिन्यांऐवजी साडेचार महिने धरावेत. महाशिवरात्र २०२६ मध्ये १५ फेब्रुवारीला, तर २०२७ मध्ये ६ मार्चला. पहिल्या तारखेसाठी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच वेल मातीत हवा. दुसऱ्यासाठी महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सवड मिळते.

• उन्हाळी : मार्च-एप्रिलमध्ये लावण, आषाढीसाठी काढणी. यवतमाळच्या उन्हाळ्यात पाण्याची पक्की सोय असलेल्यानेच या फंदात पडावे.

आषाढीच्या बाबतीत अधिक महिना घोळ घालतो. ती २०२५ मध्ये ६ जुलैला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने २५ जुलैला. गेल्या वर्षीची तारीख डोक्यात धरून लावण करणाऱ्याचा माल १९ दिवस आधी तयार होतो आणि बाजारात मागणी नसताना पोहोचतो. कापूस, सोयाबीन, तुरीला केंद्राचा हमीभाव जाहीर होतो; रताळ्याला तो नाही. त्यामुळे एकादशीच्या दुसऱ्या दिवशीचा भाव सावरायला कोणी नसते.

यावर साधा उपाय म्हणजे सगळा तुकडा एकाच दिवशी न लावता दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत लावणे. पहिला माल सणाला जातो, पुढचा आठवडी बाजारात थोडा थोडा विकता येतो. पहिल्यांदा करणाऱ्याने १० गुंठ्यांवर थांबलेले बरे.

दोन शत्रू : भुंगा आणि रानडुक्कर

रताळ्याची सर्वांत घातक कीड म्हणजे सोंड असलेला एक छोटा भुंगा. दिसायला मुंगीसारखा, निळसर-काळा, मधला भाग आणि पाय तांबडे. मादी वेलाच्या बुडाशी आणि कंदात अंडी घालते, अळ्या आत बोगदे करतात. कीड लागल्यावर कंद स्वतःच्या बचावासाठी कडू द्रव्ये तयार करतो. त्यामुळे एका बाजूला थोडेसे किडलेले रताळे शिजवल्यावरही सगळेच कडू लागते.

हा भुंगा खोल माती उकरू शकत नाही; तो भेगांतून आत जातो. म्हणून काळ्या मातीत औषधाइतकेच महत्त्व भेगा बुजवण्याला आहे. वेळेवर माती लावणे, पाण्याचा खंड न पडू देणे, निरोगी बेणे वापरणे, कामगंध सापळे लावणे, काढणीनंतर उरलेसुरले कंद-वेल वावरातून उचलणे आणि त्याच जागी लगेच पुन्हा रताळे न घेणे, हे त्याचे उपाय. याच कुळातल्या रानवेलींवरही तो जगतो. धुऱ्यावरच्या अशा वेली काढाव्यात. फवारणीची वेळ आलीच तर कृषी विज्ञान केंद्राचा किंवा कृषी सहायकाचा सल्ला घ्यावा.

दुसरा शत्रू चार पायांचा. यवतमाळ जिल्ह्यात रानडुक्कर आणि रोही यांचा त्रास शेतकऱ्याला नवा नाही. गोड कंद म्हणजे रानडुकराला आमंत्रणच. एका रात्रीत तो वरंबे उलटे करतो. जंगलाला लागून असलेल्या वावरात कुंपण किंवा जागल नसेल तर रताळे लावण्याआधी दहा वेळा विचार करावा. वन्यप्राण्यांनी पिकाचे नुकसान केल्यास वन विभागाकडून भरपाई मिळू शकते. त्यासाठी लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो.

पांढरे, केशरी, जांभळे

आपल्या बाजारात बहुतेक लालसर सालीचे आणि पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या गराचे रताळे मिळते. देशात कंदपिकांवर काम करणारी मुख्य संस्था म्हणजे तिरुवनंतपुरमची केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था. ती १९६३ मध्ये सुरू झाली. 'श्री वर्धिनी', 'श्री नंदिनी', 'श्री भद्रा' या तिच्या जुन्या जाती. केशरी गराची 'भू सोना' आणि जांभळ्या गराची 'भू कृष्णा' या अलीकडच्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण अश्विनी' ही महाराष्ट्रातली परिचित जात.

रंगाचा प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही. केशरी गरात बीटा-कॅरोटिन असते आणि शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनवते. रातांधळेपणा, वारंवार होणारे संसर्ग यांच्याशी या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा संबंध आहे. गडद केशरी रताळ्याचा सव्वाशे ग्रॅमचा लहानसा कंद लहान मुलाची दिवसाची गरज भागवू शकतो. आफ्रिकेत हेच रताळे गावोगाव पोहोचवण्याच्या कामासाठी मारिया आन्द्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो यांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार हॉवर्थ बुइस यांच्यासोबत मिळाला. जांभळ्या जातीत अँथोसायनिन हे रंगद्रव्य असते, जे जांभळातही असते.

पांढऱ्या रताळ्यात हे दोन्ही जवळजवळ नसते. 'रताळे डोळ्यांना चांगले' हे वाक्य म्हणून अर्धेच खरे आहे. कोणते रताळे, ते आधी विचारावे. परसबागेत किंवा अंगणवाडीच्या आवारात चार केशरी वेल लावणे हा त्यावरचा सोपा मार्ग.

१०० ग्रॅम रताळ्यात काय असते?

जातीनुसार फरक पडतो, पण कच्च्या रताळ्यात साधारण ८५ ते ११० किलोकॅलरी ऊर्जा, २० ते २५ ग्रॅम कर्बोदके, ३ ते ४ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. पोटॅशियम चांगले असते, 'क' जीवनसत्त्वही मिळते. साबुदाण्यात स्टार्चशिवाय फारसे काही नसते. उपवासाच्या दिवशी नुसत्या साबुदाण्याच्या उसळीपेक्षा ताटात रताळे आणि सोबत दही किंवा शेंगदाणे असतील तर भूक जास्त वेळ धरून राहते.

स्वयंपाकघरात : गोडी येते कुठून?

कच्चे रताळे फारसे गोड नसते. त्यातला एक पाचक घटक उष्णता मिळाली की स्टार्चचे माल्टोज या साखरेत रूपांतर करतो. हे काम साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जोरात चालते. रताळे या तापमानात जितका वेळ राहील तितके गोड होते. चुलीच्या मंद निखाऱ्यात पुरलेले रताळे मधासारखे का लागते आणि मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत शिजवलेले सपक का लागते, याचे उत्तर यात आहे.

घरोघरी होणारे काही पदार्थ :

• गोड काचऱ्या : अर्धा किलो रताळ्यांच्या जाडसर चकत्या दोन चमचे तुपात परतून, झाकण ठेवून मंद आचेवर मऊ करतात. मग पाव वाटी पाणी आणि सव्वाशे ग्रॅम चिरलेला गूळ घालून पाक चकत्यांना चिकटेपर्यंत आटवतात, वर वेलदोड्याची पूड. गूळ आधी घातला तर चकत्या कडक राहतात.

• कीस : किसलेले रताळे तूप, जिरे, हिरवी मिरचीच्या फोडणीवर वाफवून त्यात दाण्याचे कूट, मीठ आणि लिंबू. कीस आधी पाण्यात टाकून पिळून घेतला तर काळा पडत नाही आणि चिकटही होत नाही.

• खीर : उकडून कुस्करलेले रताळे तुपात परतून दुधात शिजवतात. गूळ घालायचा असेल तर खीर उतरवून कोमट झाल्यावर घालावा, नाहीतर दूध फाटते.

• थालीपीठ : उकडलेले रताळे, भगरीचे किंवा राजगिऱ्याचे पीठ, मिरची, जिरे. पाणी घालायची गरज पडत नाही.

• रोजची भाजी : उपवास नसताना मोहरी, हिंग, कांदा, तिखट घालून केलेली रस्सा भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर चांगली लागते. वांग्या-बटाट्याच्या भाजीत बटाट्याऐवजी रताळे चालते. तिखट आणि चिंच थोडी वाढवावी.

कोवळी पानेही खाता येतात. आग्नेय आशियात आणि आफ्रिकेत त्यांची पालेभाजी नेहमीची आहे.

निवडणे आणि साठवणे

घेताना मध्यम आकाराची, टणक, बारीक छिद्रे नसलेली रताळी निवडावीत. देठाकडे काळे छिद्र दिसले तर आत भुंगा असण्याची शक्यता असते.

काढणीनंतर रताळी ४ ते ७ दिवस सावलीत, उबदार आणि दमट हवेत ठेवली तर खणताना झालेल्या जखमांवर नवी साल धरते. मग ती जास्त टिकतात आणि गोडही होतात. साठवण्याआधी धुऊ नयेत. माती झटकून हवेशीर टोपलीत ठेवावीत. फ्रीजच्या थंडीने आतला गर कडक होतो आणि शिजवूनही मऊ होत नाही.

व्हॉट्सॲपवरचे दावे आणि वस्तुस्थिती

दावा : रताळे गोड असूनही मधुमेहींनी हवे तितके खावे.
वस्तुस्थिती : नाही. उकडलेले रताळे रक्तातली साखर तुलनेने हळू वाढवते, भाजलेले बरेच वेगाने. दोन्हींत कर्बोदके असतातच. एका वेळी लहान कंद, तोही पोळी किंवा भाताच्या बदल्यात, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने.

दावा : कोंब आलेले रताळे विषारी असते.
वस्तुस्थिती : कोंब आलेल्या, हिरव्या पडलेल्या बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते, रताळ्यात ते नसते. कोंब काढून कंद टणक असेल तर खाता येतो. काळे डाग, बुरशी, उग्र वास असेल तर टाकून द्यावा.

दावा : खराब रताळी गाई-म्हशींना घातली तर चालतात.
वस्तुस्थिती : हे धोकादायक आहे. बुरशी लागलेल्या रताळ्यात तयार होणाऱ्या विषाने जनावरांच्या फुप्फुसांना इजा होते आणि ती दगावतात. हिरवा, ताजा वेल चारा म्हणून चांगला. सडके कंद खड्ड्यात पुरावेत.

दावा : रताळ्याने गॅस होतो, म्हणून ते पचायला जड.
वस्तुस्थिती : नेहमी न खाणाऱ्याने एकदम जास्त खाल्ले तर त्रास होऊ शकतो. नीट शिजवून थोडे खाल्ले तर बहुतेकांना चालते. ऑक्झलेटचे मुतखडे होणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

दारव्ह्यासाठी याचा अर्थ काय?

रताळे कापसाची जागा घेणार नाही, आणि सगळे वावर त्याखाली आणावे असेही कोणी सुचवू नये. हमीभाव नाही, माल फार टिकत नाही, मागणी मोजक्या दिवसांची आणि रात्री रानडुकराची धास्ती. पण सोयाबीन निघाल्यावर मोकळा पडणारा, निचऱ्याचा, विहिरीजवळचा छोटा तुकडा असेल तर साडेचार महिन्यांत हातात रोख पैसा, गोठ्यात हिरवा चारा आणि घरात खायला कंद, अशी तिहेरी सोय हे पीक करून देते.

बाकीचा भाग ग्राहकाच्या हातात आहे. एकादशी नसलेल्या आठवड्यातही घरी अर्धा किलो रताळी आली, तर शेतकऱ्याला पंचांगातल्या एका तारखेवर सगळा माल ओतावा लागणार नाही.